मुलीकडची माणसे कुठे आहेत?

नवी मोटार घेणाऱ्यांचे दोन वर्ग असतात. पहिल्या वर्गाकडे मोटार येते. दुसरा वर्ग मोटारीकडे जातो. म्हणजे राहायचे न्यू जर्सीत, पसंत करायची जर्मन मोटार, आणि ती घरापासून दहा मिनिटांवरच्या दुकानात हारीने उभी असताना विमानात बसून सुमारे साडेसहा हजार किलोमीटर दूर तिच्या माहेरी जायचे, आणि तिथून तिला रीतसर घेऊन यायचे.

या दुसऱ्या वर्गाची आपल्याकडे यथेच्छ टिंगल होते. ‘पैसा उतू चालला की माणसाला काय सुचेल सांगता येत नाही,’ असे लोक म्हणतात. हे म्हणणाऱ्यांच्या घरी दूधसुद्धा कधी उतू जात नाही, ही गोष्ट वेगळी.

मी या टिंगलखोरांच्या पक्षात नाही, हे आधीच सांगून टाकतो. वस्तू जिथे होते तिथे जाऊन ती आणणे ही चैन नव्हे; ती एक चांगली जुनी रीत आहे. गणपती नाक्यावरच्या मांडवात मिळतो, तरी पेणला कारखान्यात जाऊन मूर्ती ठरवणारी माणसे आहेत. पैठणी दादरला मिळते, तरी येवल्याला जाऊन मागावर बसलेल्या विणकराशी ‘नारळी काठ की मुनिया काठ’ यावर तासभर घालणाऱ्या बायका आहेत. आणि तंबोरा? तंबोरा घ्यायचा तर मिरजेला जायचे. तिथला कारागीर तंबोरा हाती देण्याआधी तुमचीच उलटतपासणी घेतो. वाजवणार कोण? गळा कुठल्या पट्टीचा? घर ओलसर नाही ना? जवारी बिघडली तर कोणाकडे नेणार? उत्तर पटले नाही की त्याचा चेहरा असा काही होतो, की पैसे आपण देत असूनही मुलीला मागणी घालायला आल्यासारखे आपण सतरंजीवर अंग चोरून बसतो.

हे अंग चोरून बसणे फार महत्त्वाचे आहे. माझा सगळा वाद त्यासाठीच आहे. वस्तूकडे जाण्याशी माझे भांडण नाही. तिथे गेल्यावर जे होते, किंवा जे होत नाही, त्याच्याशी माझे भांडण आहे.

आधी हा प्रकार काय तो सांगतो. कारखान्यात जाऊन आपली नवी मोटार घेऊन येणे हा खुद्द जर्मन माणसाचाच जुना छंद. दुकानापर्यंत गाडी वाहून आणण्याचा खर्च नाहीतरी गिऱ्हाइकाच्या माथी बसतो, मग आपणच गेलेले काय वाईट, असा एक हिशेबही त्यात असतो. कारखानदारांनी या हौसेसाठी महाल बांधले आहेत. म्युनिकला बीएमडब्ल्यूने २००७ साली काचेचा आणि पोलादाचा एक महाल उभारला. तिथे गाडी फिरत्या चकतीवर उभी असते आणि मालक जिना उतरत तिच्याकडे येतो. आपल्याकडे हा मान फक्त हिंदी चित्रपटातल्या नायिकेच्या वडिलांना आहे. श्टुटगार्टजवळ झिंडेलफिंगेनला मर्सिडीजचा कारखाना १९१५ पासून उभा आहे. तिथेही गाडी न्यायला येणाऱ्यांची सरबराई होते. वोल्फ्सबुर्गला फोक्सवॅगनने (ही नावाप्रमाणे लोकांची मोटार, चैनीची नव्हे) २००० साली आख्खे मोटारनगर वसवले. त्यात काचेचे दोन वीस मजली मनोरे आहेत आणि प्रत्येकात चारशे मोटारी, फडताळात लोणच्याच्या बरण्या ठेवाव्या तशा. तुमचा नंबर आला की यंत्र तुमची बरणी अलगद खाली उतरवते. मीटरवर किलोमीटर शून्य. सोवळ्यातली मोटार!

अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांसाठी तर हा मामला आणखी गोड होता. मर्सिडीज घेणाऱ्याला किमतीत सात टक्क्यांपर्यंत सूट मिळे. व्होल्वो घेणाऱ्याला स्वीडनचे जाऊन-येऊन विमानाचे तिकीट, तेही दोघांचे, आणि गोथेनबर्गला एका रात्रीचे हॉटेल. बीएमडब्ल्यू घेणाऱ्याला दोन आठवड्यांचा विमा. गाडी ताब्यात घ्यायची, आल्प्सच्या घाटांतून मनसोक्त हिंडवायची, आणि नेमून दिलेल्या ठिकाणी सोडून विमानाने घरी जायचे. काही आठवड्यांनी गाडी जहाजाने मागून येई. मर्सिडीज आणि बीएमडब्ल्यू यांनी अमेरिकनांसाठीची ही योजना २०२० साली गुंडाळली. माझ्या न्यू जर्सीतल्या भाच्याने त्याआधीच, २०१६ साली, अशाच एका वाहत्या गंगेत हात धुऊन घेतले.

हा भाचा हिशेबाला पक्का. ‘मामा, सूट धरली तर आमची युरोपची ट्रिप जवळजवळ फुकट पडते. तुम्ही आणि मामी मुंबईहून थेट या, गाडीत जागा आहे,’ असे त्याने फोनवर सांगितले. ‘फुकट’ या शब्दावर आमच्या घरात मतभेद होत नाहीत. आम्ही गेलो. दक्षिण जर्मनीतल्या त्या कारखान्याचे नाव मी सांगत नाही. त्यांनी आमचे स्वागत उत्तम केले, केकही ताजा होता.

सूट घातलेली एक हसतमुख तरुणी आमच्या दिमतीला होती. तिने आमची सगळ्यांची नावे पाठ केली होती. माझ्या पत्नीचे ‘कमल’ हे नाव तिच्या तोंडून थोडे उंटाच्या अंगाने बाहेर पडत होते, पण भावना चांगली होती. कॉफी झाली, केक झाला, फळे झाली. मग दिवे मंद झाले, कुठूनतरी संगीत सुरू झाले, पडदा सरकला आणि प्रकाशाच्या झोतात गाडी दिसली. भाच्याचे डोळे पाणावले. स्वतःच्या मुलाच्या बारशाला तो इतका हलला नव्हता.

पत्नीने पर्समधून हॉटेलातल्या नाश्त्याच्या टेबलावरची चार लिंबे काढली आणि चारी चाकांखाली ठेवायला सुरुवात केली.

‘हे कशासाठी?’ तरुणीने विचारले.

‘गाडी सुखरूप राहावी म्हणून.’

‘पण गाडीला आठ एअरबॅगा आहेत.’

‘त्या आत बसणाऱ्यांसाठी. लिंबू गाडीसाठी,’ पत्नी म्हणाली.

विषय संपला. जर्मन माणसाला तर्कशुद्ध उत्तर मिळाले की तो पुढे वाद घालत नाही. चकाकत्या फरशीमुळे नारळाला तेवढी परवानगी मिळाली नाही. कुंकवाचे बोट चालले. मग त्या मुलीने भाच्याला चाळीस-एक बटणे समजावून सांगितली. सीट कशी तापते, आरसे कसे मिटतात, मागचा दरवाजा पायाच्या इशाऱ्याने कसा उघडतो. हे सगळे होईपर्यंत मी गप्प होतो. मग मात्र मला राहवेना.

‘गाडी फार सुंदर आहे,’ मी म्हणालो. ‘कोणी केली?’

‘आम्ही,’ ती अभिमानाने म्हणाली.

‘तुम्ही स्वतः?’

‘नाही, नाही. म्हणजे आमच्या कंपनीने.’

‘कंपनीशी बोलता येत नाही हो. कोणी माणूस असेल ना? ज्याने दार बसवलं, ज्याने शेवटचा स्क्रू पिळला, असा कोणी दहा मिनिटं येईल का? आम्ही घरचा चिवडा आणलाय.’

तिचे हसू पहिल्यांदाच जरा हलले. चाळीस बटणांत या प्रश्नाचे बटण नव्हते. ‘दुपारी दोनला कारखान्याची फेरी असते,’ ती म्हणाली.

‘मामा, प्लीज,’ भाचा म्हणाला.

दोन वाजता फेरीला गेलो. उंचावरून जाणारी एक अरुंद वाट होती. पिवळ्या पट्ट्याबाहेर पाय टाकायचा नाही, फोटो काढायचे नाहीत, काम करणाऱ्यांशी बोलायचे नाही. आधी यंत्रमानवांचे दालन लागले. तिथे माणूस औषधालाही नव्हता. नुसत्या लोखंडी माना वळत होत्या आणि ठिणग्या उडत होत्या. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. यंत्रमानवाला चिवड्याचा आग्रह कोण करील? पण पुढे जुळणीचे दालन आले आणि तिथे माणसेच माणसे. वायरी ओढणारी, गालिचे दाबून बसवणारी, दारांच्या फटी बोटांनी चाचपणारी. तिथेच वाटाड्याने आम्हाला थांबवून सांगितले, ‘आता बघा, ही होखत्साइट.’

होखत्साइट म्हणजे लग्न. वरून मोटारीचे अंग तरंगत येते, खालून इंजिन, गिअर, आस असा सगळा संसार वर चढतो, दोघे जुळतात आणि बोल्ट आवळले जातात. या घडीला साऱ्या जर्मन मोटारधंद्यात ‘लग्न’ असेच म्हणतात. आंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत, पण मुहूर्त सेकंदाचाही चुकत नाही. खाली पन्नाशीचा, मिशीवाला एक माणूस उघड्या दारातून अर्धा आत वाकून काहीतरी जोडत होता. मी हात वर केला. त्याने हातमोज्यातली दोन बोटे वर केली. तेवढ्यात पुढची गाडी आली. एवढीच ती मुलीकडच्या माणसाची भेट.

मंडळी, आता तुम्हीच सांगा. लग्न लागले, त्याला आम्हाला आमंत्रण नव्हते. आमंत्रण होते ते पाठवणीचे. तिथे जाऊन पाहतो तो मुलीकडचे कोणीच नाही! पाठवणी कोणी केली, तर मंगल कार्यालयाच्या मॅनेजरबाईंनी. मुलीचे आईबाप पाळी संपल्यावर मागच्या फाटकाने घरी निघून गेलेले. अशी पाठवणी आपल्या आळीत झाली असती तर लोकांनी वर्षभर दुसरा विषय काढला नसता.

हे बोलून दाखवले की लोक मला तीन उत्तरे देतात. तिन्ही लंगडी आहेत.

पहिले उत्तर, मोटार कोणी एक माणूस करत नाही. मान्य. एकेकाच्या हाताखाली ती मिनिटभर असते. पण लग्न तरी एक माणूस कुठे करतो? म्हणून काय मांडवात कोणीच उभे राहू नये? आणि जिथे खरोखरच एक माणूस करतो तिथे काय होते ते पाहा. अफाल्टरबाखला मर्सिडीजच्या एएमजी गाड्यांची कित्येक इंजिने एकेक माणूस पहिल्या बोल्टापासून शेवटच्या बोल्टापर्यंत एकट्याने जुळवतो आणि त्याच्या सहीची पाटी त्या इंजिनावर लावतात. उत्तम प्रथा. पण सही राहते बॉनेटखाली, सही करणारा राहतो अफाल्टरबाखला. इंग्लंडात गुडवुडला रोल्स-रॉईसच्या अंगावरची ती लांबलचक बारीक रेघ आजही हाताने, खारीच्या केसांच्या कुंचल्याने ओढतात. ती रेघ ओढणारा हात सगळ्यांत आधी गिऱ्हाइकाच्या हाती मिळायला हवा. नाहीतर पत्रिकेत ‘आपला नम्र’ म्हणून नाव छापायचे आणि त्या नम्र माणसालाच मांडवाबाहेर ठेवायचे, असे होते. वोल्फ्सबुर्गच्या कारखान्यात १९७३ पासून कंपनीचे स्वतःचे सॉसेज बनते आणि त्याला इतर सुट्या भागांप्रमाणे पार्ट नंबर आहे: १९९ ३९८ ५०० ए. सॉसेजची नोंद इतकी चोख ठेवणाऱ्यांना माणसाचे नाव सांगणे जड जाऊ नये.

दुसरे उत्तर, कामगाराचा वेळ मोलाचा असतो. असतोच. पण आमच्या कॉफीला आणि केकला दीड तास निघाला, तेव्हा वेळ मोलाचा नव्हता काय? आणि मोल द्यायचे म्हटले की वेळ निघतो, हेही दिसले आहे. अमेरिकेत जनरल मोटर्सने २०१० साली सोय केली, की भारी कॉर्व्हेट घेणाऱ्याने मिशिगनमधल्या विक्समला यावे आणि तंत्रज्ञाशेजारी उभे राहून आपल्या गाडीचे इंजिन स्वतः जुळवावे. त्याचे वेगळे ५,८०० डॉलर. म्हणजे करणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभे राहता येते, फक्त त्याचे तिकीट काढावे लागते! मिरजेच्या कारागिराला हे कळले तर तो उलटतपासणीचे बिल लावायला लागेल.

तिसरे उत्तर सगळ्यांत देखणे. म्हणे, आता कारखानेच काचेचे झाले आहेत, सगळे उघड आहे. खरे आहे. ड्रेस्डेनला फोक्सवॅगनने २००१ च्या अखेरीस काचेचा कारखाना उघडला. खाली मेपलच्या लाकडाची जमीन, कामगारांच्या अंगात पांढरे स्वच्छ कपडे, आणि तिथे फेटॉन नावाची त्यांची सर्वांत महागडी मोटार २०१६ पर्यंत जुळवली जात होती. गिऱ्हाइकाने यावे आणि पाहावे. पण काचेतून जो नुसता दिसतो त्याला मत्स्यालयात मासा म्हणतात. ‘पाहायला’ जाणे आणि ‘भेटायला’ जाणे यांतला फरक ज्यांच्याकडे कांदेपोहे खाण्याची चाल आहे त्यांना तरी समजावून सांगायला नको.

कोणी म्हणेल, एवढे मनाला लावून घेण्यासारखे यात काय आहे? गाडी चालते ना? चालते. पण मला त्या मिशीवाल्याची दोन बोटे विसरता येत नाहीत. पश्चिम जर्मनीने १९५५ साली इटलीशी आणि १९६१ साली तुर्कस्तानशी करार करून कारखान्यांसाठी माणसे आणवली. त्यांना नाव दिले ‘पाहुणे कामगार’. पाहुण्याने येऊन रात्रपाळी करायची, ही पाहुणचाराची पद्धत मी दुसरीकडे ऐकलेली नाही. चार वर्षे राबू, पैसे साठवू आणि घरी जाऊ, असे मनाशी ठरवून ती माणसे आली आणि पुष्कळजण कायमची राहिली. जर्मनीतल्या मोटारी त्यांनी, त्यांच्या मुलांनी आणि नातवांनी केल्या आहेत.

आणि माझा भाचा? तोही १९९८ साली दोन बॅगा घेऊन असाच गेला. ‘पाच वर्षं, मामा. मग परत,’ असे मला विमानतळावर सांगून गेला. मधे व्हिसाची धाकधूक झाली, घर झाले, मुले झाली, आणि आईच्या शेवटच्या आजारपणात तो पोचला तेव्हा उशीर झाला होता. एकाने परमुलखात आयुष्य घालवून ती गाडी केली, दुसऱ्याने परमुलखात आयुष्य घालवून ती घेतली. त्या दोघांना दहा मिनिटे समोरासमोर बसवले असते तर बटणांविषयी ते एक अक्षर बोलले नसते. ‘घरी कधी जाऊन आलास?’ हा एकच प्रश्न मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघांना पुरला असता. त्यांच्यामध्ये गालिचा, संगीत, केक आणि पिवळा पट्टा घालून त्यांची भेट टाळली, याचा मला राग आहे.

दुसरे असे, की करणारा दिसला नाही की वस्तू पैशाने केली असे वाटू लागते. नुसती भाषा बघा. तंबोरेवाला म्हणतो, ‘हा मिरजेला करून दिला.’ मोटारवाला म्हणतो, ‘ही मी घेतली.’ पहिल्या वाक्यात निदान दोन माणसे आहेत. दुसऱ्यात एकटा ‘मी’ स्टिअरिंग धरून बसला आहे. मग तो रस्त्यावर हॉर्न कसा वाजवतो ते आपण रोज ऐकतोच.

माझ्या लहानपणी आमच्या चाळीत मोटारीच्या कारखान्यातला एक फिटर राहत असे. त्याच्याजवळ सायकलसुद्धा नव्हती. पण रस्त्याने त्याच्या कारखान्याची गाडी गेली की तो थांबायचा, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत बघायचा आणि आम्हा पोरांना म्हणायचा, ‘हिची दारं आमच्या शॉपमधली.’ आत बसलेल्या शेटजींना याचा पत्ता नसे. गाडीला दोन मालक होते; त्यांतल्या एकालाच ते ठाऊक होते. पुढे १९८३ च्या डिसेंबरात गुरगावला पहिल्या मारुतीची किल्ली गिऱ्हाइकाच्या हाती दिली गेली, ती पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते. फार मोठा मान. पण इंदिराबाईंनी काही त्या गाडीची दारे बसवली नव्हती.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. महाल राहू द्या, पडदा राहू द्या, त्या हसतमुख मुलीची नोकरीही राहू द्या. फक्त पाळी सुटल्यावर, आळीपाळीने, जुळणीच्या दालनातल्या एका माणसाला हात धुऊन, भरपगारी, तिथे खुर्चीवर बसवा, आणि किल्ली त्याच्या हातून द्या. त्याने गिऱ्हाइकाला तीनच प्रश्न विचारावे. चालवणार कोण? पावसापाण्यात उभी कुठे करणार? आणि एवढ्या घाईने जायचे तरी कुठे असते? गिऱ्हाइकाने समोर अंग चोरून बसावे आणि नीट उत्तरे द्यावीत.

आणि उत्तरे पटली नाहीत, तर त्याने किल्ली खिशात घालून सरळ घरी जावे. चेक वटला असला तरीसुद्धा.